मरणाऱ्या ताऱ्यांचे वारे आणि प्लॅनेटरी नेब्युला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमावास्येच्या आसपास टेलिस्कोप घेऊन गावाबाहेर गेलो की शनी, गुरू, चांदण्यांचे गुच्छ वगैरे दाखवून झाल्यावर मी बरोबरच्या लोकांना एम ५७ म्हणजे रिंग नेब्युला दाखवतोच, अभिजितच्या जवळचं ते छोटंसं धुराचं वळं, आणि मग प्रश्न सुरू होतात. दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात म्हणून सगळे एका जागी लिहून काढलेत. काही उत्तरं लांबलीत, कारण मला यातला वाऱ्याचा भाग सगळ्यात जास्त आवडतो आणि बऱ्याच ठिकाणी तोच दोन ओळीत उरकलेला असतो.

प्लॅनेटरी नेब्युला म्हणजे काय? ग्रहांचा याच्याशी काय संबंध?

काहीच संबंध नाही. नाव चुकून पडलं आणि चिकटलं. विल्यम हर्शेलने १७८१ साली युरेनस शोधला, आणि त्यानंतरच्या वर्षांत आकाश चाळताना त्याला काही गोल, फिकट, हिरवट बिंबं दिसली जी टेलिस्कोपमधून युरेनससारखीच दिसायची, म्हणून त्याने त्यांना प्लॅनेटरी म्हटलं. मराठीत यासाठी बिंबाभ्रिका असा एक सुंदर शब्द आहे, तो इंग्रजी नावापेक्षा जास्त बरोबर वाटतो मला, कारण त्यात ग्रह नाही, नुसतं बिंब आहे. पण बोलताना सगळे प्लॅनेटरी नेब्युलाच म्हणतात म्हणून इथेही तेच वापरतोय.

खरं काय आहे ते सांगायचं तर साधारण सूर्याएवढ्या ते सूर्याच्या ८ पट वजनाच्या ताऱ्याने म्हातारपणी स्वतःच्या अंगावरचा जो गॅस आणि धूळ बाहेर सोडून दिली, ती मधल्या उघड्या पडलेल्या तापलेल्या गाभ्याच्या प्रकाशाने पेटून उठते, तो प्लॅनेटरी नेब्युला. यातला सगळ्यात पहिला सापडला तो एम २७, म्हणजे डंबेल नेब्युला, १७६४ साली मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला, नावातला एम त्याच्याच यादीचा.

अवकाशात हवाच नाही, मग वारा कसला?

बरोबर प्रश्न आहे. इथे वारा म्हणजे ताऱ्याच्या पृष्ठभागावरून सतत बाहेर निघून जाणारा गॅस. आपला सूर्यसुद्धा हे करतो, सौरवारा म्हणतात तो हाच, साधारण ४०० किलोमीटर दर सेकंद वेगाने निघतो आणि दर सेकंदाला १० लाख टनांपेक्षा जास्त माल घेऊन जातो. ऐकायला प्रचंड वाटतं पण सूर्याच्या मानाने हे काहीच नाही, याच रेटने १,००० कोटी वर्षं गेली तरी सूर्याचा हजारावा भागसुद्धा कमी होणार नाही.

म्हाताऱ्या ताऱ्यांचं गणित मात्र पूर्ण वेगळं असतं. शेवटच्या टप्प्यात, ज्याला एजीबी फेज म्हणतात, तारा फुगून सूर्याच्या २०० पट किंवा त्याहूनही मोठा झालेला असतो आणि वर्षाला सूर्याच्या वजनाचा लाखावा भाग, अगदी शेवटी शेवटी तर दहा हजारावा भाग, असा वाहून जायला लागतो. म्हणजे काही हजार वर्षांत अर्धा-पाऊण सूर्य रिकामा. अब्जावधी वर्षं जगलेल्या ताऱ्याच्या हिशेबात हा क्षणभरच, आणि आपण नेब्युलात जे काही बघतो ते जवळजवळ सगळं याच काळात बाहेर पडलेलं असतं.

एवढा मोठा तारा स्वतःचं अंग असं उडवतो कसा?

दोन गोष्टी मिळून. पहिली म्हणजे तो धडधडत असतो, अक्षरशः फुगतो आणि आकसतो. तिमिंगल तारकासमूहातला मायरा हे याचं सगळ्यात जुनं माहितीतलं उदाहरण, १५९६ पासून लोक त्याचं कमीजास्त होणं नोंदवताहेत, सुमारे ३३२ दिवसांच्या फेऱ्यात तो डोळ्यांना मस्त दिसण्यापासून पार गायब होण्यापर्यंत जातो. या धडधडीने वरचा गॅस उसळून बाहेर येतो, लांब गेला की गार होतो, आणि गार झाला की त्यात धूळ धरते, कार्बन जास्त असेल तर काजळी, ऑक्सिजन जास्त असेल तर वाळूसारखे सिलिकेटचे कण.

दुसरी गोष्ट इथून सुरू होते. तारा सूर्याच्या हजारो पट तेजस्वी असतो, आणि प्रकाश धुळीच्या कणाला ढकलतो. कण बाहेर पळायला लागतो आणि जाताना आजूबाजूच्या गॅसला धक्के देत बरोबर घेऊन जातो. मला हे फार विलक्षण वाटतं, की काजळीच्या कणावर प्रकाश पडतो आणि त्यातून अख्ख्या ताऱ्याची टरफलं निघतात.

या वाऱ्याचा वेग मात्र फक्त १० ते २० किलोमीटर दर सेकंद असतो. कारण सोपं आहे, तारा एवढा फुगलेला असतो की पृष्ठभागावर गुरुत्वाकर्षणाची पकड ढिली पडलेली असते, निसटायला फार जोर लागत नाही, आणि वारे साधारण निसटायला लागतो तेवढ्याच वेगाच्या आसपास वाहतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

म्हणजे शेवटी स्फोट होऊन कवच उडतं ना?

नाही. ही चूक मी खूप ठिकाणी वाचलीये. स्फोट म्हणजे सुपरनोव्हा, तो जड ताऱ्यांचा शेवट. इथे स्फोट बिफोट काही नाही, आधी संथ वारा आणि मग वेगवान वारा, एवढंच.

हे समजायलाही वेळ लागला. १९५६ मध्ये श्क्लोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने सांगितलं की हे नेब्युले म्हणजे लाल राक्षसी तारा आणि श्वेत बटू, म्हणजे शेवटी उरणारा लहानसा गाभा, यांच्या मधला टप्पा आहे. ते बरोबर होतं, पण मग कवच एकदम सुटं कसं होतं, त्याची कड एवढी रेखीव कशी, हे कोडं तसंच राहिलं. कारण संथ वाऱ्याने नुसता पसरत जाणारा धूसर ढग तयार व्हायला पाहिजे, कड नाही. १९७८ मध्ये सुन क्वोक, ख्रिस पर्टन आणि पिम फिट्झजेराल्ड या तिघांनी उत्तर दिलं, आणि ते उत्तर असं की वेगळं कवच उडवायची गरजच नाही, दुसरा वारा येऊन पहिल्याला मागून गाठतो आणि कवच तिथे तयार होतं.

दुसरा वारा येतो कुठून?

तोच तारा. अंगावरचं सगळं उडून गेल्यावर मधला गाभा उघडा पडतो, आकाराने लहान आणि प्रचंड तापलेला, आधी ३०,००० अंश आणि मग काही ताऱ्यांत तर दोन लाखाच्याही पुढे. आता मघाचं वाक्य आठवा. तारा लहान झाला म्हणजे पृष्ठभागावरची पकड घट्ट झाली, म्हणजे निसटायचं तर वेग खूप लागणार, म्हणून हा वारा १,००० ते काही हजार किलोमीटर दर सेकंद वेगाने सुटतो. संथ वाऱ्याच्या शंभरपट! याला ढकलणारी धूळ नाही, एवढ्या उष्णतेत धूळ टिकतच नाही, इथे अल्ट्राव्हायोलेट प्रकाश थेट कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजनच्या अणूंना ढकलतो.

पण हा वेगवान वारा तर अगदी विरळ असतो म्हणतात, मग तो एवढं सगळं कसं काय वळवतो?

हाच या सगळ्यातला गाभ्याचा प्रश्न आहे म्हणून जरा सावकाश सांगतो.

वेगवान वाऱ्यात माल खरंच नगण्य असतो, संथ वाऱ्याच्या हजारावा भाग किंवा त्याहूनही कमी. नुसता धक्का मारून जड कवच हलवायचं म्हटलं तर ते त्याला जेमतेमच जमेल. पण होतं असं की हा वारा सुसाट येतो आणि पुढच्या संथ गॅसच्या मागे येऊन आपटतो, तिथे त्याचा वेग एकदम मोडतो, आणि वेगात जी एनर्जी होती ती सगळी उष्णतेत जाते. १,००० किलोमीटर दर सेकंदचा वारा असा अडला की गॅसचं तापमान एक कोटी अंशांच्या वर जाऊ शकतं. आणि गंमत म्हणजे एवढा तापलेला आणि एवढा विरळ गॅस पटकन गार होत नाही, एनर्जी बाहेर टाकायला त्याला हजारो वर्षं लागतात. मग तो काय करतो, तर फुगतो.

भाकरी तव्यावरून आचेवर टाकल्यावर काय होतं? आत वाफ किती असते, चिमूटभर. पण तिला जायला जागा नसते, ती सगळीकडून दाबते आणि अख्खा पापुद्रा टम्म फुगून वर येतो. नेब्युलातही तसंच आहे, ढकलणारा वारा नाही, वाऱ्याने भरलेल्या गरम बुडबुड्याचं प्रेशर. हा बुडबुडा संथ वाऱ्याच्या मालाला मागून रेटत जातो, माल गोळा होत होत दाटतो, आणि तो दाटलेला पातळ थर म्हणजे आपल्याला फोटोत दिसणारी चमकदार कड. त्याच वेळी गाभ्याचा अल्ट्राव्हायोलेट प्रकाश त्या थरातले अणू फोडून त्याला १०,००० अंशांपर्यंत तापवतो आणि तो उजळतो. पूर्ण कवच मग २० ते ४० किलोमीटर दर सेकंद वेगाने पसरत राहतं, म्हणजे मूळ संथ वाऱ्यापेक्षा थोडं जास्त, जोर लागल्याची खूण त्यातच आहे.

आणि हो, दाटलेला थर म्हटलं तरी साखरेच्या खड्याएवढ्या जागेत काहीशे ते दहा-वीस हजार अणू. आपल्या श्वासातल्या हवेत तेवढ्याच जागेत एकावर १९ शून्यं एवढे रेणू असतात.

हे सगळं थिअरीच आहे की कुणी पाहिलंय?

पाहिलंय, वेगवान वाराही आणि गरम बुडबुडाही. वेगवान वाऱ्याचा पुरावा लगेचच मिळाला कारण १९७८ च्याच जानेवारीत आययूई हा अल्ट्राव्हायोलेट उपग्रह वर गेला होता, त्याने या मधल्या ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून काढलेले पट्टे, घेतले तर त्यात आपल्या दिशेने हजारो किलोमीटर दर सेकंद वेगाने येणाऱ्या गॅसच्या खुणा स्पष्ट होत्या.

गरम बुडबुडा दिसायला मात्र एक्स-रे लागतात. चंद्रा वेधशाळेने, हो आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांच्या नावाची, कॅट्स आय म्हणजे एनजीसी ६५४३ (एनजीसी ही आणखी एक यादी) चा एक्स-रे फोटो घेतला तेव्हा चमकदार कवचाच्या बरोबर आत लाखो अंशांचा गॅस कोंडलेला दिसला. जागा अगदी तीच जिथे असायला हवी होती. तापमान मात्र अपेक्षेपेक्षा कमी निघालं, कोटीत असायला हवं होतं ते १० ते ३० लाखाच्या घरात, आणि यावर बराच खल झाला. कवचाच्या गार गॅसशी सरमिसळ होते, किंवा उष्णता कडेकडे झिरपते, असे खुलासे आहेत. मला स्वतःला ही विसंगती आवडते, कारण त्यातून कळतं की कवच आणि बुडबुडा यांच्यात भिंत नाहीये, ते एकमेकांत मिसळत असतात.

मग सगळे नेब्युले गोल का नाहीत? काही फुलपाखरासारखे, काही डमरूसारखे का?

गोल असतात पण थोडेच, फार तर पाचात एक. बाकी लंबगोल, डमरू, फुलपाखरू, काही तर तीन-चार दिशांना फाकलेले.

याचं पहिलं चांगलं उत्तर १९८० च्या दशकात आलं, ब्रूस बॅलिकने १९८७ मध्ये आकारांची मांडणी करून ते नीट समजावलं. संथ वारा जर सगळीकडे सारखा सुटला नसेल, ताऱ्याच्या कमरेभोवती जास्त दाट आणि दोन्ही ध्रुवांकडे विरळ असेल, तर बुडबुडा जिथे अडवणूक कमी तिथे पळणार. फुग्याच्या मध्यावर रबर बांधा आणि फुंका, डमरू तयार. वेगवान वारा बिचारा सगळीकडे सारखाच वाहत असतो, आकार त्याने ठरवलेलाच नसतो, तो आधीच संथ वाऱ्यात लिहून ठेवलेला असतो आणि वेगवान वारा फक्त तो वाचून दाखवतो. एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी मला पुरे आहे, कारण सुंदर फोटो बघून सगळ्यांना वाटतं की आकार आत्ता घडतोय, पण तो घडून गेलेला असतो, दिवा नंतर लागतो.

वृश्चिकेतला एनजीसी ६३०२, बटरफ्लाय नेब्युला, हे याचं बघण्यासारखं उदाहरण. त्याच्या कमरेला धुळीचा एवढा जाड पट्टा आहे की मधला तारा वर्षानुवर्षं दिसतच नव्हता, हबल अवकाश दुर्बिणीला २००९ मध्ये बसवलेल्या नवीन कॅमेऱ्यानंतर तो सापडला, आणि तो दोन लाख अंशांपेक्षा जास्त गरम निघाला.

पण कमरेभोवतीच दाट का? तारा तर गोल असतो.

इथे जोडीदार येतो. आकाशातले खूप तारे जोडीने असतात. म्हातारा तारा फुगायला लागला आणि जोडीदार जवळून फिरत असेल तर तो त्या वाऱ्यातूनच फिरतो, वाऱ्याला ढवळतो, आणि माल त्यांच्या फिरण्याच्या पातळीत जास्त गोळा होतो. फारच जवळ असेल तर जोडीदार सरळ फुगलेल्या ताऱ्याच्या पोटात शिरतो, दोघं एकाच गॅसच्या पांघरुणात फिरत राहतात, घासून घासून जवळ येतात आणि ते पांघरूण कमरेकडून फेकलं जातं.

पुरावे भरपूर जमलेत. फ्लेमिंग १ नावाचा एक नेब्युला आहे, विल्यमिना फ्लेमिंग यांनी १९१० मध्ये शोधलेला, घरकाम करणाऱ्या बाई म्हणून सुरुवात करून हार्वर्डच्या वेधशाळेत नामांकित खगोलशास्त्रज्ञ झालेल्या त्या. त्यातून दोन वाकडीतिकडी जेट, म्हणजे गॅसच्या बारीक धारा, निघालेली दिसतात, आणि २०१२ मध्ये चिलीतल्या व्हीएलटी दुर्बिणीने पाहिलं तर मध्ये एक नाही दोन तारे, एकमेकांभोवती १.२ दिवसात फेरी मारणारे! पृथ्वीला सूर्याभोवती जायला वर्ष लागतं आणि इथे दोन तारे सव्वा दिवसात गिरकी घेताहेत. इतक्या जवळच्या जोड्या साधारण १२ ते २१ टक्के नेब्युलांत आहेत असा अंदाज आहे, लांबच्या जोड्या वेगळ्याच.

२०२० मध्ये लेन डेसिन यांच्या टीमने चिलीतल्याच अल्मा दुर्बिणींनी १४ म्हाताऱ्या ताऱ्यांचे संथ वारे पाहिले, म्हणजे नेब्युला व्हायच्या आधीचे. एकाचाही वारा गोल नव्हता. कुठे चक्री, कुठे तबकडी, कुठे शंकूसारखा. बघा, आकार आधीच ठरलेला असतो म्हटलं ना, ते इथे थेट दिसलं. आणि ढवळणारा जोडीदार ताराच पाहिजे असंही नाही, मोठा ग्रहसुद्धा हे करू शकतो असं त्यांचं म्हणणं.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या पहिल्या फोटोंत जो नेब्युला होता त्याच्यात पण दोन तारे होते ना?

हो, सदर्न रिंग, एनजीसी ३१३२, १२ जुलै २०२२ ला आलेला फोटो. त्यात मधोमध जो ठळक तारा दिसतो त्याने हा नेब्युला केलेलाच नाही, त्याच्या शेजारचा अंधुक तारा खरा कर्ता. ओर्सोला डी मार्को आणि त्यांच्याबरोबरच्या जवळपास ७० लोकांनी फोटोतला एकेक धागा उलगडून त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मांडलं की इथे दोन नाही, निदान चार तारे, कदाचित पाच असावेत, आणि जे दिसत नाहीत त्यांच्या खुणा गॅसच्या आकारात उरल्यात. मरणारा तारा मूळचा सूर्याच्या २.८६ पट होता इथपर्यंत त्यांनी काढलं. नुसत्या धुराच्या आकारावरून घरात किती माणसं होती ते सांगण्यासारखं आहे हे, मी तो पेपर वाचला त्या रात्री झोप लागली नाही.

जेट म्हणजे काय? वारा आणि जेट वेगळे का?

जेट म्हणजे एकाच दिशेने, बहुतेक समोरासमोर दोन बाजूंना, सुटलेली बारीक वेगवान धार. राघवेंद्र सहाय आणि जॉन ट्रॉगर यांनी १९९८ मध्ये हबलने घेतलेले तरुण नेब्युलांचे फोटो तपासले तर त्यांना एवढे वेडेवाकडे आकार दिसले की नुसता कमरेचा पट्टा आणि बुडबुडा यावर भागेना. त्यांचं म्हणणं असं की वेगवान वारा सुरू व्हायच्या आधीच अशा धारा संथ वाऱ्याला भोकं पाडून जातात, धारेची दिशा डुलत असेल तर भोकंही वेगवेगळ्या दिशांना, आणि मग बुडबुडा त्याच वाटांनी निघतो. म्हणजे परत तेच, वाट आधी पडलेली.

जाता जाता एक. त्याच सहाय यांनी लार्स-ओके न्यूमन यांच्याबरोबर १९९७ मध्ये बूमरँग नेब्युलाचं तापमान मोजलं, ते निघालं उणे २७२ अंश सेल्सिअस. विश्वात सगळीकडे भरून असलेलं बिग बँगनंतरचं रेडिएशन जेवढं गार आहे त्याहूनही गार, निसर्गातली आपल्याला माहीत असलेली सगळ्यात थंड जागा. कारण काय तर वारा. तिथला गॅस सेकंदाला १६० किलोमीटरच्या आसपास वेगाने एवढा भराभर पसरतोय की पसरता पसरता गोठतोय, डिओच्या बाटलीतून फवारा मारला की हाताला गार लागतं तसंच.

काही फोटोत बाहेर कांद्याच्या पापुद्र्यासारखी वर्तुळं दिसतात, ती काय?

ती संथ वाऱ्याच्या काळातली डायरी आहे. कॅट्स आयभोवती अशी ११ किंवा जास्तच वर्तुळं हबलने दाखवली, दोन वर्तुळांत साधारण १,५०० वर्षांचं अंतर. एम ५७ च्या बाहेर जेम्स वेबला २०२३ मध्ये दहाएक कमानी दिसल्या, त्या साधारण २८० वर्षांना एक अशा पडल्यात. ताऱ्याची कुठलीच माहीत असलेली धडधड २८० वर्षांची नसते, म्हणून तिथे एक जोडीदार असावा आणि त्याची फेरी तेवढ्या वर्षांची असावी असं मानतात, अंतराने साधारण सूर्यापासून प्लूटोइतका लांब.

हेलिक्स नेब्युलातले ते शेपटीवाले ठिपके धूमकेतू आहेत का?

नाही, दिसतात तसे म्हणून इंग्रजीतही तसंच नाव पडलंय. ते गॅस-धुळीचे दाट गोळे आहेत, एकेकाचं डोकं आपल्या सूर्यमालेएवढं किंवा मोठंच, शेपटी ताऱ्याच्या विरुद्ध दिशेला. विरळ गॅस दाट गॅसला ढकलायला लागला की मधला थर सरळ राहत नाही, फाटतो, त्याच्या गाठी होतात. गाठ टिकते, तिच्या आजूबाजूचा माल प्रकाशाने आणि वाऱ्याने उडून जातो, आणि गाठीच्या सावलीतला उरतो. एम ५७ मध्ये अशा सुमारे २०,००० गाठी मोजल्यात.

एम ५७ खरंच रिंग आहे का?

नाही. ते दोन्ही बाजूंनी उघडं पिंप आहे आणि आपण त्याच्या तोंडातून आत बघतोय. तेच बाजूने पाहिलं असतं तर डमरूच्या वर्गात टाकलं असतं. नेब्युलाचा आकार सांगताना आपण कुठून बघतोय हे विसरून चालत नाही.

फोटोतले रंग खरे असतात का?

काही खरे, काही समजायला सोपं जावं म्हणून दिलेले. हिरवट रंग मात्र अस्सल आहे, तो ऑक्सिजनचा. १८६४ मध्ये विल्यम हगिन्सने कॅट्स आयचा वर्णपट पाहिला, तेव्हा ताऱ्यांसारखा पट्टा न दिसता सुट्या चमकदार रेषा दिसल्या, म्हणजे हा गॅस आहे हे त्या रात्री कळलं. पण हिरवी रेषा कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून नेब्युलियम नावाचं नवीनच मूलद्रव्य धरून चालले लोक, आणि ६३ वर्षांनी, १९२७ मध्ये, आयरा बोवेनने दाखवलं की हा दोन इलेक्ट्रॉन गमावलेला साधा ऑक्सिजन आहे, फक्त गॅस एवढा विरळ आहे की पृथ्वीवर कधी न दिसणारी रेषा तिथे निवांत निघते.

हे किती काळ टिकतं?

१०,००० ते २०,००० वर्षं. कवच पसरून विरतं, तारा मंदावतो, वेगवान वाराही थांबतो, आणि श्वेत बटू एकटा उरतो.

आपल्याकडे यावर काम होतं का?

होतं. २८ सप्टेंबर २०१५ ला गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅटवर यूव्हीआयटी नावाची अल्ट्राव्हायोलेट दुर्बीण आहे, बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅस्ट्रोफिजिक्सने बनवलेली, पुण्याच्या आयुकाचाही तिच्यात हात आहे. एन. कामेश्वर राव आणि सहकाऱ्यांनी तिने एनजीसी ४० आणि बटरफ्लाय नेब्युला पाहिले, तर दोघांच्याही बाहेर, दृश्य प्रकाशात काहीच नाही अशा जागी, अल्ट्राव्हायोलेटमध्ये चमकणारा पसारा सापडला. गार हायड्रोजनचे रेणू तिथे चमकत असावेत. म्हणजे संथ वाऱ्याचा जो माल अजून पेटलेला नाही तो आपल्या दुर्बिणीने दाखवला.

सूर्याचाही असाच नेब्युला होणार का?

साधारण ५०० कोटी वर्षांनी. पूर्वी वाटायचं की सूर्य हलका आहे, गाभा हळूहळू तापेल आणि तोवर वाऱ्याने सोडलेला माल पांगून जाईल, म्हणजे पेटवायला काही उरणारच नाही. २०१८ मध्ये नवीन गणितं आली, त्यात गाभा आधी समजत होते त्यापेक्षा भराभर तापतो, त्यामुळे सूर्याचाही नेब्युला होईल, फक्त फिकट. उरलेला श्वेत बटू आजच्या सूर्याच्या साधारण निम्म्या वजनाचा असेल, बाकीचा निम्मा वाऱ्यावर.

आपल्याकडून काय काय दिसतं?

एम ५७ आणि एम २७ पासून सुरुवात करा. पावसाळ्यात ते डोक्यावर असतात पण ढग, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरची संध्याकाळ पकडायची, पश्चिमेला उतरायच्या आत. एम २७ मोठा आणि जास्त उजळ, चांगल्या काळोखात बायनॉक्युलरमधूनही पुसट डाग दिसतो. एम ५७ ला निदान चार-सहा इंची टेलिस्कोप आणि शंभरच्या आसपास मॅग्निफिकेशन द्या, भोक दिसेल. मधला तारा शोधत बसू नका, तो आमच्या आठ इंचीतही येत नाही. सदर्न रिंग फेब्रुवारी ते एप्रिल दक्षिणेला, आपल्या अक्षांशावरून क्षितिजापासून ३० अंशांपर्यंत चढतो, त्या बाजूला शहराचा उजेड नको. युरोपातल्या बहुतेकांना तो दिसतच नाही, आपल्याला दिसतो, तेव्हा सोडू नका.

ओ-थ्री फिल्टर मिळाला तर जरूर लावा, ऑक्सिजनची ती हिरवी रेषा तेवढी आत येते आणि बाकी आकाश काळं पडतं. आणि थेट रोखून न बघता जरा बाजूला बघा, डोळ्याची कड जास्त संवेदनशील असते. पहिल्यांदा काहीच दिसत नाही, मग एक राखाडी डाग, आणि दोन-तीन मिनिटं डोळा टेकवून शांत उभं राहिलं की कडेचा एक भाग दुसऱ्यापेक्षा उजळ आहे हे लक्षात येतं. त्या उजळ भागात संथ वारा जास्त दाट होता.